मोटरीतलं तांबं ओळखायला शिक
भावा, भंगारातलं तांबं काढून विकायचं तर सुरुवात मिक्सर, पंखा, वॉशिंग मशीनच्या मोटरींपासून कर. वाइंडिंगची, म्हणजे मोटरीत गुंडाळलेली तार ब्लेडनं खरवडून बघ. वरून तांबूस दिसते, पण आत पांढरी चमक आली तर ते ॲल्युमिनियम, भाव निम्म्याहून कमी. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम वेगळ्या गोणीत ठेव. एकत्र नेलंस तर भंगारवाला सगळं हलक्या भावात धरतो. लोहचुंबक खिशात हवाच.

वायर मात्र जाळू नकोस रे, कळकळीनं सांगतो. वायरीवरच्या पीव्हीसी प्लास्टिकचा धूर विषारी असतो, शिवाय जळून काळ्या पडलेल्या तांब्याला भावही पडून मिळतो. कटरनं सोल, वेळ लागू दे.

फ्रिजची नळी कापू नकोस. आत थंड करणारा आर-६००ए गॅस असू शकतो, तो पेट घेतो. आणि मायक्रोवेव्ह तर सध्या उघडूच नकोस, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा चार्ज राहू शकतो.