रोज साहित्यातला दिनविशेष वाचून लेखनाला खरंच मदत होते का?

तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी साहित्यातला दिनविशेष वाचता, पण त्यातून लिहायला काही सुचत नाही; मग हे वाचन चालू ठेवावं का? जरूर ठेवा. फक्त जयंती-पुण्यतिथीपाशी थांबू नका. अमुक लेखक आज जन्मला, तमुक आज गेला, एवढ्यातून लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. लेखक ज्या दिवशी प्रत्यक्ष लिहीत होता, तो दिवस शोधा.

९ जून घ्या. दिनविशेषात इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची पुण्यतिथी (१८७०) सापडेल. पण बरोबर पाच वर्षं आधी, १८६५ च्या ९ जूनला, त्याची आगगाडी इंग्लंडमधल्या स्टेपलहर्स्ट गावाजवळच्या पुलावर घसरली. दहा माणसं गेली. डिकन्सचा डबा पुलावर लटकून राहिला. तो बाहेर पडला, जखमींना पाणी पाजत हिंडला आणि नंतर पुन्हा त्या लटकत्या डब्यात चढला, कारण 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या कादंबरीचं हस्तलिखित आतच राहिलं होतं. तो परत आत चढला, तेवढा एक मिनिट लिहून बघा. भोवती माणसं विव्हळताहेत आणि याला कागद आठवतात. याला निष्ठा म्हणायचं की आणखी काही? माझं उत्तर दर वेळी बदलतं, म्हणूनच ही नोंद मला इतकी प्रिय आहे.

२२ सप्टेंबरही तसाच. १९१२ साली त्या रात्री दहाला जर्मन भाषेत लिहिणारा कथाकार फ्रान्झ काफ्का लिहायला बसला आणि सकाळी सहाला 'द जजमेंट' ही कथा पूर्ण करून उठला. दिवसा तो विमा संस्थेत नोकरी करायचा. बसून बसून पाय इतके आखडले की टेबलाखालून काढवेनात, असं त्याने डायरीत नोंदवलंय. प्रतिभा, स्फूर्ती या मोठ्या शब्दांनी दडपण येतं तेव्हा मला हे आखडलेले पाय फार धीर देतात.

आणि आपल्याकडे साने गुरुजी: 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली.

तेव्हा रोज नवी नोंद हवीच असं नाही. एखादी मनात रुतली तर आठवडाभर तिच्यापाशीच राहा, आदल्या दिवशी तो लेखक काय करत होता ते शोधा, पत्रं आणि डायऱ्या चाळा.

तारखा मात्र पडताळून घ्या. शेक्सपिअर आणि 'डॉन किहोते'चा स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ ला गेले असं सर्रास लिहिलं जातं. सर्व्हान्टिस बहुधा २२ ला गेला, २३ ला त्याचं दफन झालं. शिवाय तेव्हा स्पेनमध्ये नवं ग्रेगोरियन कॅलेंडर होतं, इंग्लंडमध्ये जुनं ज्युलियन. दोन्ही कॅलेंडरांत दहा दिवसांचा फरक, म्हणजे तारीख एकच असली तरी दिवस एक नव्हता.