वेमोर्कला प्रथमच जाताना
नॉर्वेतील र्युकानजवळचे वेमोर्क जलविद्युत केंद्र, जे १९११ मध्ये सुरू झाले तेव्हा जगातील सर्वांत मोठे होते, आता संग्रहालय आहे. त्यासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवावा. बहुतेक जण दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातील या ठिकाणी नॉर्वेजियन सैनिकांनी केलेल्या घातपाताची कथा ऐकून येतात आणि थेट जड पाण्याच्या (अणुसंशोधनात लागणाऱ्या खास पाण्याच्या) तळघराकडे वळतात. माझ्या मते आधी यंत्रदालनातील जनित्रांच्या रांगेपाशी शांतपणे उभे राहावे, कारण ही वीज मुळात हवेतील नायट्रोजनपासून खत बनवण्यासाठी निर्माण झाली, हे तेथेच नीट उमगते. झुलत्या पुलानंतर चढ लागतो, तेव्हा बूट चांगले असावेत. वेळ उरल्यास १९२८ चा क्रोसोबानेन रज्जुमार्गही पाहावा; हिवाळ्यात दरीत ऊन पोहोचत नसल्याने रहिवाशांना ते वर जाऊन मिळावे, एवढ्यासाठी तो उभारला होता.