फ्लेवरचे चहा चाखताय? आधी एवढंच बघा

एकदम दहा पाकिटं आणू नका भावा. साधा काळा चहा, अर्ल ग्रे (वास दिलेला काळा चहा) आणि जास्मिन ग्रीन (जाईच्या वासाचा ग्रीन टी), बास. साधा हवाच, तो शेजारी असला की अर्ल ग्रेमधला बर्गमॉट या लिंबासारख्या फळाच्या तेलाचा वास लगेच वेगळा कळतो.

- प्रत्येकी 2 ग्रॅम पत्ती, 100 मिली पाणी. वजनानेच घ्या, फुलं-साली असल्या की चमचा फसवतो.
- काळ्यावर उकळतं पाणी ओतून 4 मिनिटं झाकण. ग्रीनला 80 अंश, 2 मिनिटं. उकळतं ओतलं की तो कडू होतो आणि लोक पत्तीला नावं ठेवतात.
- दूध-गूळ नंतर.

मिसळ किंवा तांबड्या रश्श्यानंतर लगेच चाखू नका, जीभ बधिर असते. पाकिटं कांदा-लसूण चटणीपासून लांब, घट्ट डब्यात ठेवा. आणि कोमट झाल्यावर पुन्हा एक घोट नक्की घ्या, तेव्हा फरक जास्त कळतो.