जुनी गिटार घेण्यापूर्वी
तुम्ही पहिलीच गिटार जुनी अकूस्टिक, म्हणजे विजेविना वाजणारी, घेऊन रत्नागिरीत ठेवणार आहात, तेव्हा कंपनीचे नाव आणि वर्ष पाहण्याआधी लाकूड आणि सांधे पाहावेत, असे मी सुचवेन. गिटारीला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, पण आपल्याकडे पावसाळ्यात ती 80 टक्क्यांच्याही वर जात असल्याने अखंड स्प्रूसची (एका सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची) वरची फळी फुगते, तारा उंच उठतात आणि शिकणाऱ्याची बोटे सोलवटतात. जाणकार नाके मुरडतील, पण नवशिक्याला इथे प्लायवूडचीच बरी. यामाहाची 1966 मधील एफजी-180 हे त्याचे चांगले उदाहरण.

बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या धातूच्या आडव्या पट्टीवर, सर्वांत जाड तारेखालचे अंतर मोजावे. ते 3 मिलिमीटरहून बरेच अधिक असेल आणि सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती छोटी पट्टी, आधीच घासून संपत आलेले असेल, तर मान (गिटारीची लांब दांडी) सोडवून नव्या कोनात बसवावी लागते, आणि तो खर्च गिटारीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो. ब्रिजच्या, म्हणजे सॅडल ज्यात बसते त्या वरच्या फळीवर चिकटवलेल्या लाकडी तुकड्याच्या, मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहावा. आत गेला, तर सरस सुटू लागला आहे. मालवणात घेतलेल्या एका गिटारीत कागद अर्धे बोट आत गेला होता, तरी आवाजावर भाळून मी पैसे मोजले; नारळी पौर्णिमेच्या आत ब्रिज हातात आला.

ओल धरणाऱ्या जांभ्याच्या भिंतीवर गिटार टांगू नये. पेटीत सिलिका जेल ठेवावे आणि खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात, म्हणून वाजवून झाल्यावर त्या सुक्या सुती फडक्याने पुसाव्यात.