भजनावर संशोधन करताय? आधी टाळ धरा

भजनाने मनाला बरं वाटतं का, हा विषय झकास आहे, पण प्रश्नावली इतक्यात छापू नका. पहिले दोन महिने एकाच गावच्या हरिपाठाला रोज संध्याकाळी जा. मागे बसा. टाळ हातात दिला तर घ्या. चुकलात तर शेजारचे काका मानेनेच ठेका दाखवतील.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ‘भजनाने ताण कमी होतो का?’ असं विचारतात. समोरचा ‘हो’च म्हणणार! ‘काल भजनानंतर घरी जाऊन काय केलंत?’ असं विचारा.
- ‘जीव हलका झाला’ आणि ‘समाधान वाटलं’ या दोन्हींना ‘वेलबीइंग’ म्हणून मोकळे होतात. शब्द जसाच्या तसा वहीत उतरवा.
- न विचारता रेकॉर्डिंग करतात. आधी विणेकऱ्यांना विचारा.

रक्तदाब, आकडेवारी नंतर बघू. आणि सुरुवात आषाढी वारीपासून नको. त्या गर्दीत निवांत बोलणं होत नाही. गावातली साधी एकादशी बरी.