बाई, लखपतला नदी कुठे आहे?

प्रश्न : बाई, मी तुमची १९८४ सालची विद्यार्थिनी, आता कारेलीबागेत राहते. माझ्या लेकीच्या वर्गात वारसियातली एक सिंधी मुलगी आहे. तिच्या पणजोबांचं घर कराचीत होतं. नकाशात फाळणीच्या वेळी रॅडक्लिफनं आखलेली रेघ तर पंजाबात दिसते, कराची तिथून कितीतरी लांब. मग त्या लोकांना घर का सोडावं लागलं, असं लेक विचारते. सिंध आणि कच्छमधली रेघही रॅडक्लिफनंच आखली का? आणि द्वारका हे देशाचं पश्चिम टोक, असं तुम्ही शिकवल्याचं आठवतं. ते बरोबर ना?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : द्वारकेचं आधी सांगते. चार धामांतलं पश्चिमेचं धाम, असं मी शिकवलं असणार. देशाचं पश्चिम टोक कच्छमध्ये आहे, लखपत तालुक्यात गुहर मोतीजवळ, ६८ अंश ७ मिनिटं पूर्व रेखांशावर. द्वारका त्याच्या बरीच पूर्वेला येते. मात्र बडोदा राज्याचं पश्चिम टोक द्वारकाच होतं, हे लेकीला जरूर सांग. ओखामंडळ १८१७ मध्ये गायकवाडांकडे आलं आणि १९२६ मध्ये राज्यानं तिथं ओखा बंदर उघडलं. ते बंदर लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता रॅडक्लिफ. तो ८ जुलै १९४७ ला भारतात आला, पाच आठवड्यांत काम उरकलं आणि १७ ऑगस्टला त्याचा निवाडा जाहीर झाला. पण त्याच्याकडे सोपवलं होतं ते पंजाब आणि बंगाल यांची वाटणी करण्याचं काम (आसामातलं सिल्हेट धरून). सिंधची फाळणी झालीच नाही, तो प्रांत अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. म्हणून कराचीच्या सिंधी हिंदूंच्या वाट्याला अर्धं सिंधही आलं नाही. पंजाबी माणूस निदान पूर्व पंजाबात गेला. सिंधी माणसाला स्वतःच्या भाषेचा एक जिल्हासुद्धा उरला नाही. दहा लाखांहून जास्त माणसं निघाली. काही मुनाबावच्या रेल्वेनं मारवाडात उतरली, बरीच कराचीहून बोटीनं मुंबईला आली, काही पोरबंदर-वेरावळला. आणि काही आपल्या ओखा बंदरावर. तुझ्या लेकीच्या मैत्रिणीचे पणजोबा कुठे उतरले, ते तिला घरी विचारायला सांग.

कच्छ आणि सिंधमधली रेघ रॅडक्लिफच्या कितीतरी आधीची. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. कच्छच्या महारावांचं आणि सिंधचं भांडण होतं, त्यावर मुंबई सरकारनं १९१४ मध्ये ठराव केला आणि १९२४ मध्ये काही भागात खांब रोवले. दोन शेतांमधल्या बांधासारखी ती हद्द होती. १९४७ मध्ये त्या बांधाला एकदम देशाची सीमा व्हावं लागलं.

पण मला विचारशील, तर कच्छची सीमा सगळ्यांत आधी पाण्यानं आखली. हे मी वर्गात शिकवलं नाही, कारण मलाच ते उशिरा कळलं. नव्वदच्या दशकात मुलींची सहल घेऊन लखपतला गेले होते. किल्ल्याचा तट सुमारे सात किलोमीटरचा, अजून भक्कम उभा. तटावर चढलो की समोर क्षितिजापर्यंत सपाट, पांढुरकी, ओलसर जमीन. सीमा सुरक्षा दलाचा एक जवान दुर्बीण लावून त्या रिकामपणाकडे पाहत होता. एका मुलीनं विचारलं, "बाई, पुस्तकात लखपत बंदर आहे ना? नदी कुठे आहे?" मी बोट दाखवायला हात वर केला आणि कुठे दाखवावं ते मला कळेना.

सिंधूचा एक पूर्वेकडचा फाटा पूर्वी इथून कोरी खाडीत उतरायचा. त्या पाण्यावर लखपतच्या आसपास तांदूळ पिकायचा, बोटी वर सिंधपर्यंत जायच्या. १७६२ मध्ये सिंधच्या गुलाम शाह कल्होरानं कच्छवर स्वारी केली, झाऱ्याला मोठी लढाई झाली. त्यानंतर त्यानं वरच्या अंगाला मोरा इथं बांध घालून कच्छचं पाणी अडवलं. पुढच्या सिंधी राज्यकर्त्यांनी आणखी बांध घातले. तरी थोडंफार पाणी यायचं. मग १६ जून १८१९ चा भूकंप झाला. रणाच्या उत्तर भागात ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबीचा जमिनीचा पट्टा वर उचलला गेला, काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली, सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला. आधीचे बांध माणसांनी घातलेले होते, हा कुणी घातला? लोकांनी त्याला 'अल्लाहबंद' नाव दिलं, म्हणजे अल्लाहनं घातलेला बांध. १८२६ च्या पुरात सिंधूनं तो एकदा फोडलाही, पण नदी परत आली नाही. लखपत रिकामं होत गेलं. मुली तटावर ज्या वाऱ्यात ओढण्या सावरत होत्या, तिथं एकेकाळी गोदीचा गलबला होता.

'रण' शब्दाचंही सांगते, कारण आपल्या मराठी मुली दरवर्षी इथं चुकायच्या. रण म्हटलं की त्यांना रणांगण आठवतं. कच्छचं रण संस्कृत 'इरिण'वरून आलं, म्हणजे खारट, नापीक जमीन. पावसाळ्यात समुद्राचं आणि नद्यांचं पाणी तिथं पसरतं, हिवाळ्यात मिठाचा थर उरतो. ही जमीन म्हणायची की पाणी? हा पोरखेळाचा प्रश्न नाही. १९६५ नंतर तो जिनिव्हाच्या न्यायाधिकरणापुढे गेला. पाकिस्तानचं म्हणणं, रण हा जणू समुद्रच आहे, म्हणून सीमा मधोमध, २४ अंश अक्षांशावर असावी. भारताचं म्हणणं, ही दलदलीची जमीन आहे आणि सीमा तिच्या उत्तर काठानं जाते. वाद सुमारे ३,५०० चौरस मैलांचा. स्वीडनचे न्यायाधीश गुन्नर लागरग्रेन अध्यक्ष होते. १९ फेब्रुवारी १९६८ च्या निकालात जवळजवळ नव्वद टक्के भाग भारताकडे राहिला. त्याआधी ९ एप्रिल १९६५ ला सरदार पोस्टवर केंद्रीय राखीव पोलिसांच्या मोजक्या तुकड्यांनी पाकिस्तानी ब्रिगेडचा हल्ला परतवला होता. सीमेसाठी वेगळं दल हवं, हे त्या वर्षानं शिकवलं आणि १ डिसेंबरला सीमा सुरक्षा दल उभं राहिलं. सर क्रीक या खाडीचा वाद मात्र निकालाबाहेर राहिला, तो आजही तसाच आहे.

आता माणसं कशी वसली, ते. यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलंय. माझे वडील बडोदा राज्याच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. १९४९ मध्ये राज्य मुंबईत विलीन झालं आणि काही वर्षांनी त्यांना कंडल्याच्या कामावर जावं लागलं. कराची गेलं, म्हणून पश्चिम किनाऱ्याला नवं मोठं बंदर हवं होतं. १९५२ मध्ये नेहरूंनी कंडल्याचा पाया घातला. शेजारी गांधीधाम उभं राहत होतं. भाई प्रताप दयालदास यांनी सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन काढली होती, कच्छच्या महारावांनी १५,००० एकर जमीन दिली होती, आणि आदिपूरला गांधीजींच्या अस्थी आणून वसाहतीचा आरंभ केला होता. मी सहा-सात वर्षांची असेन. रस्ते नव्हते, चुन्याच्या रेघा होत्या. शेजारच्या सिंधी काकी एका संध्याकाळी मला हात धरून अशाच एका चौकोनात घेऊन गेल्या. कुठूनही न येता जिथं दार होणार तिथूनच आत यायचं, असं त्यांनी मला बजावलं. मग एका कोपऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "यहाँ चूल्हा." दुसऱ्या कोपऱ्यात, "यहाँ पानी का मटका." वाऱ्यानं चुना उडत होता आणि त्या वाकून बोटानं रेघ पुन्हा सारखी करत होत्या.

उत्तरेला राजस्थानात हीच गोष्ट उलट्या बाजूनं घडली. बिकानेरच्या गंगासिंहांनी १९२७ मध्ये सतलजचं पाणी वाळवंटात आणलं, पंजाबी शेतकरी बोलावले आणि गंगानगरचा भाग वसला. तिथल्या कित्येक गावांना नावच नाही, कालव्याच्या फाट्याचं अक्षर आणि चकचा, म्हणजे जमिनीच्या गटाचा, आकडा हीच ओळख. १९५८ मध्ये हरिकेपासूनचा मोठा कालवा सुरू झाला, आज त्याला इंदिरा गांधी कालवा म्हणतात. हिमाचलात पोंग धरणात ज्यांची घरं बुडाली त्यांनाही त्याच वाळवंटात जमिनी देऊ केल्या. डोंगरातली माणसं, आणि समोर वाळू! मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं.

कच्छमध्ये १९७१ नंतरही माणसं आली. त्या युद्धात आपल्या सैन्यानं सिंधमधल्या थरपारकरचा मोठा भाग घेतला होता, सिमला करारानंतर तो परत दिला. तिथले सोढा राजपूत आणि मेघवाळ पुन्हा तिकडे राहायला तयार नव्हते. सोढा बायकांचं सूफ भरतकाम त्यांच्याबरोबर इकडे आलं. त्यात कापडावर नक्षी छापून घेत नाहीत, मागच्या बाजूनं धागे मोजून टाके घालतात. एका सोढा बाईला मी भरताना पाहिलंय. ओठ हलत होते, आकडे चालले होते.

लेकीला घेऊन कधी छाणीकडे गेलीस तर नर्मदेचा मुख्य कालवा दाखव. त्याच्यापासून निघालेली ३५७ किलोमीटरची कच्छ शाखा २०२२ मध्ये मांडवी तालुक्यातल्या मोडकुबापर्यंत पोचली. लखपत अजून त्याच्या पुढे आहे.