शेजारची खुर्ची

गरजू आरोपींना मोफत बचावाचा वकील देणारी लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू झाल्यापासून माझ्याकडे येणारे प्रश्न बदललेत. आधी तरुण वकील विचारायचे, अमुक कलमात जामीन होईल का. आता त्यांचे सिनिअर विचारतात, या पोरांना शिकवू कसं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेप्रमाणे मुख्य अभिरक्षकाकडे फौजदारीची किमान १० वर्षांची वकिली आणि सत्र न्यायालयात चालवलेले ३० खटले लागतात. सहायकाची सनद कालपरवाची असली तरी चालते. या वेळी पाच पत्रं घेतोय, त्यातलं एक ज्युनिअरचं आहे. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : माझी सहायक उलटतपासात चुकत होती. मी उठलो आणि पुढचा उलटतपास स्वतः घेतला. तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. माझं चुकलं का?

ती बोलत नाही याचं मला नवल वाटत नाही. माझ्या सिनिअरनी एकदा भर कोर्टात कोटाची बाही ओढून मला खाली बसवलं होतं. पुढच्या तारखेला आरोपीची आई माझ्या अंगावरून थेट त्यांच्याकडे गेली. त्या खटल्यात पुढे मी फक्त फाइल उचलली.

पण चूक कसली होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. साक्षीदार कोर्टात म्हणतो, ‘आरोपीच्या हातात कोयता होता’, आणि पोलिसांसमोरच्या जबाबात कोयत्याचं नावही नाही. ज्युनिअर विचारते, जबाबात हे सांगितलं होतं का? तो म्हणतो, ‘सांगितलं होतं, पोलिसांनी का लिहिलं नाही माहीत नाही.’ एवढ्यावर थांबायचं असतं, पण ती हुज्जत घालत बसते. ऐकवत नाही, कबूल. तरी त्यानं आरोपीचं फारसं बिघडत नाही. खरं काम पुढे आहे. तपासी अंमलदार साक्षीला आला की साक्षीदारानं हे वाक्य तुमच्यासमोर सांगितलं नव्हतं, हे त्याच्याकडून वदवून घ्यायचं. तो यायला कधी चार-सहा महिने जातात, तोवर ज्युनिअर विसरलेली असते, आणि सिद्ध न केलेलं ओमिशन, म्हणजे जबाबातून गाळलेली गोष्ट, युक्तिवादाला उपयोगी पडत नाही. अशा वेळी बसून राहा. फाइलच्या कव्हरवर आतून लाल पेनानं लिहून ठेवा, संध्याकाळी दाखवा.

आता दुसरी चूक. आपला बचाव आहे की आरोपी तिथे नव्हताच. आणि ज्युनिअर साक्षीदाराला सूचना देते, म्हणजे आपलं म्हणणं प्रश्नातून त्याच्यापुढे ठेवते, की झटापटीत चुकून विळा लागला. साक्षीदार म्हणतो, ‘हे म्हणणे खोटे आहे’, तरी आरोपी जागेवर होता हे आपल्याच तोंडून रेकॉर्डवर येतं. बचावाच्या वकिलानं दिलेली सूचना आरोपीवर उलटू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या अपिलात सांगितलंय. इथे उठायचं. सूचना तोंडातून पुरी बाहेर पडायच्या आत ‘साहेब, एक मिनिट’ म्हणायचं, तिच्या कानात सांगायचं आणि परत बसायचं. पुढचा प्रश्न तिनंच विचारायचा. उलटतपास पूर्ण हातात घ्यायची वेळ माझ्यावर इतक्या वर्षांत दोनदा आली.

तुमच्या पत्रात आदल्या दिवसाबद्दल एक ओळही नाही. मला वाटतं घोटाळा तिथे आहे. आदल्या संध्याकाळी ज्युनिअरला कागद खाली ठेवायला सांगा आणि विचारा, या साक्षीदाराकडून आपल्याला काय हवंय? एका वाक्यात सांगता आलं नाही, तर चाळीस प्रश्नांची यादी फाडली तरी चालेल. आणि जागा बघायला पाठवा. पंचनाम्यातल्या चतुःसीमा वाचून जागा कळत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका केसमध्ये साक्षीदारानं बोळाच्या पलीकडून धमकीचे शब्द न शब्द ऐकले होते. वेळ दुपारी तीनची. पंचनाम्यात ‘पूर्वेस कारखाना’ एवढंच. माझा ज्युनिअर बरोबर तीनला तिथे जाऊन उभा राहिला. यंत्रमाग चालू होते आणि त्याला चहावाल्याला हातानं खुणा कराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं चारच प्रश्न विचारले : कारखाना कुठल्या वेळात चालतो, त्या दिवशी चालू होता का, माग किती, तुमच्यात आणि आरोपीत अंतर किती. त्यातला एकही प्रश्न मी सांगितलेला नव्हता.

आणि तिच्याशी तुम्हीच आधी बोला. चहा पाजून.

प्रश्न : तुरुंगातल्या भेटीत आरोपी म्हणाला, ‘मॅडम, केलंय मी.’ आमचे सर म्हणतात, आरोपीला असं विचारायचंच नसतं. मला झोप लागत नाही.

तुमच्या सरांचं मत बाररूममध्ये बऱ्याच जणांचं आहे. माझं नाही. न विचारणाऱ्या वकिलाला ती गोष्ट सरकारी साक्षीदाराकडून कळते.

त्यानं सांगितलेलं तुमच्यापाशीच राहायचं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं, म्हणजे जुन्या साक्ष कायद्यातल्या १२६ चं, त्याला संरक्षण आहे. आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल स्वतःचं मत काहीही असो, बचाव करायचा, असं बार कौन्सिलचा नियमच सांगतो. सरकार पक्षाचा पुरावा तपासायला तुम्ही मोकळ्या आहात. मात्र ‘त्या दिवशी तो तुळजापूरला होता’ असं सांगायला त्याच्या मेव्हण्याला उभं करायला मोकळ्या नाही.

शिवाय ‘केलंय’ म्हणजे काय केलंय? ढकललं की भोसकलं, आधी हात कुणी उचलला, हत्यार कुणी आणलं? खून आणि सदोष मनुष्यवध यांच्यामधली अख्खी जागा त्या एका शब्दात दडलेली असते. पुन्हा भेटीला जा, सरांना बरोबर न्या. झोपेचं म्हणाल, तर हे सरांना सांगा. ऐकून घेणं हा त्यांच्या कामाचा भाग आहे.

प्रश्न : मी उपमुख्य अभिरक्षक आहे. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट अशा ठिकाणची कामं असली की रोज प्रत्येकाच्या शेजारी कसा बसणार?

बसू नका. रिमांडच्या कामाला शेजार लागत नाही, वही लागते. प्रत्येक कोठडीतल्या आरोपीपुढे पहिल्या रिमांडची तारीख आणि ६०वा किंवा ९०वा दिवस लिहा. दोषारोपपत्र आलं नसेल, तर त्या मुदतीनंतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ खाली जामिनाचा हक्क मिळतो. पण अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र दाखल झालं, तर तो हक्क गेला. सोमवारी सकाळी फोनवर फक्त ही वही वाचून घ्या.

दुसरा रकाना : जामीन झाला, पण माणूस आतच. अक्कलकोटच्या आरोपीचे नातेवाईक कलबुर्गीचे किंवा विजयपूरचे निघतात आणि ‘स्थानिक जामीनदार आणा’ यावर गाडं अडतं. बाहेरच्या जिल्ह्याचा म्हणून जामीनदार नाकारणं चूक आहे, हे मोतीराम खटल्यात १९७८ सालीच ठरलंय. महिनाभरात बंधपत्र झालं नाही, तर अटी सैल करण्याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकतं, असे सर्वोच्च न्यायालयाचे जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत. ज्युनिअरला हे माहीत असतं. अर्ज टाकायचं धाडस नसतं. पहिला अर्ज तुम्ही लिहा, दुसरा त्याच्याकडून लिहून घ्या.

प्रश्न : आरोपीला मराठी जेमतेम कळतं, घरी कन्नड बोलतात. घरचे म्हणतात, फुकटचा वकील म्हणजे सरकारचाच माणूस. विश्वास कसा बसवू?

सोलापुरात हा प्रश्न कन्नडपुरता नाही, तेलुगूचाही आहे. आपण सगळे थोडं थोडं बोलतो, त्यामुळे कळलं असं समजतो. माझ्या एका आरोपीला प्रत्येक वाक्यानंतर ‘हौद्री’, म्हणजे कन्नडमधलं ‘होय जी’, म्हणायची सवय होती. त्याच्या लेखी त्याचा अर्थ ‘ऐकतोय’ एवढाच. कलम ३५१ च्या जबाबात, म्हणजे पुराव्यावर आरोपीचं म्हणणं विचारतात तेव्हा, न्यायाधीश एकेक पुरावा सांगत होते आणि हा हौद्री, हौद्री. वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं. कोर्टाकडे दुभाषी मागा. तुरुंगात भेटताना शेजारच्या बराकीतला कैदी दुभाषी म्हणून घेऊ नका, तो उद्या साक्षीदार होऊ शकतो.

घरच्यांना एकदा नीट सांगा, की सरकारी वकील वेगळे, समोर बसतात. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हेही सांगा. मग पुढच्या तारखेला काय होणार ते आधी सांगा, आणि झाल्यावर काय झालं ते. आईला ओळखीनं नमस्कार करा. ज्युनिअरसमोर ‘काय विचारायचं ते मॅडमना विचारा’ असं तुम्ही म्हणालात, तर निम्मं काम होतं.

प्रश्न : कामाचं मूल्यमापन निर्दोष सुटलेल्यांवरून करावं का?

नाही. साक्षीदार फितूर झाला म्हणून सुटलेल्या आरोपीत वकिलाचं काय? मी दर महिन्याला ज्युनिअरच्या एका उलटतपासाची नक्कल घेऊन त्याच्यासोबत वाचतो, प्रत्येक प्रश्नाला ‘हा का?’ विचारत. शिक्षा झालेली केस असली तर जास्त बरं. ऑगस्ट २०२५ पासून आपली अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, तिथे हीच पानं कुणीतरी वाचणार असतं.